'करणं', 'करत' आणि 'करायलाय' : इंग्रजी 'इंग'ची पारख

विषयाचं नाव वाचूनही एवढी मंडळी आलात, म्हणजे एकतर धाराशिवकरांना व्याकरणाची गोडी आहे, नाहीतर बाहेर ऊन फार आहे. (हशा) काहीही असो, निवांत बसा.

जेरंड आणि प्रेझेंट पार्टिसिपल. दोन्ही क्रियापदाला 'इंग' लावून होतात, दिसायला अगदी जुळी भावंडं. यातलं कोणतं कोण हे ओळखा, असा प्रश्न शाळेपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत पाठ सोडत नाही. त्याचं उत्तरही सगळ्यांना पाठ आहे: नामाचं काम करतं ते जेरंड, विशेषणाचं काम करतं ते पार्टिसिपल. या वाक्यात चूक काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे वाक्य पोराच्या हातात काहीच देत नाही. 'स्विमिंग' इथं नामाचं काम करतंय की विशेषणाचं, हेच तर त्याला कळत नसतं! आणि आपण त्याला सांगतो, नामाचं करत असेल तर जेरंड म्हण. वाट विचारणाऱ्याला 'जिथं जायचंय तिथं जा' म्हणण्यातला हा प्रकार.

मग पोरगं काय करतं? जागा पाठ करतं. वाक्याच्या तोंडाशी 'इंग' आलं की जेरंड, 'इज'च्या पुढं आलं की पार्टिसिपल. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज', जमलं. पुढचं वाक्य येतं, 'स्विमिंग अक्रॉस द रिव्हर, ही गॉट टायर्ड'. इथंही 'इंग' तोंडाशीच आहे, पण आता ते पार्टिसिपल आहे. गडी आपटला. तिसरं येतं, 'माय हॉबी इज स्विमिंग'. 'इज'च्या पुढं आलंय म्हणून तो पार्टिसिपल लिहितो, आणि पुन्हा आपटतो. दोन-तीनदा असं झालं की तो ठरवून टाकतो, इंग्रजी हा नशिबाचा खेळ आहे. नुकसान इथं होतं. एका गुणाचं मी फार मनावर घेत नाही. पण भाषेला काही रीत असते हा त्याचा विश्वासच उडतो.

आता हीच तीन वाक्यं मराठीत म्हणा. 'पोहणं हा चांगला व्यायाम आहे.' 'नदी पोहून ओलांडताना तो दमला.' 'माझा छंद म्हणजे पोहणं.' पहिल्यात आणि तिसऱ्यात 'पोहणं', मधल्यात 'ओलांडताना'. कुणी व्याख्या सांगितली का? नाही. कानानंच निवाडा केला. इंग्रजीनं जे एका 'इंग'मध्ये कोंबलंय ते मराठी वेगवेगळ्या प्रत्ययांत वाटून ठेवते. एका बाजूला 'करणं', 'करण्याचा', 'करण्यासाठी', 'करायला'. दुसऱ्या बाजूला 'करत', 'करताना', 'करणारा', आणि 'वाहतं पाणी', 'रांगतं पोर' यातला तो 'ता-ती-तं'. पहिली बाजू बहुतेक जेरंडची, दुसरी पार्टिसिपलची. 'बहुतेक' म्हणालो ते लक्षात ठेवा, त्या शब्दाकडे परत यायचंय.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ, पाण्याचं. 'रनिंग वॉटर' आणि 'ड्रिंकिंग वॉटर'. रचना अगदी सारखी: 'इंग'वाला शब्द, पुढं पाणी. रनिंग वॉटर म्हणजे वाहतं पाणी. वाहण्याचं काम पाणी स्वतः करतं, म्हणून पार्टिसिपल. आणि ड्रिंकिंग वॉटर? पिणारं पाणी? पाणी काही पीत नाही. बसस्टँडवरच्या टाकीवर काय लिहिलेलं असतं? 'पिण्याचे पाणी'. 'पिण्याचे', म्हणजे 'पिणे' या नामाची षष्ठी. जेरंड. टाकी रंगवणाऱ्या पेंटरनं सगळा धडा आपल्याला दोन शब्दांत लिहून दिलाय. असंच 'वॉकिंग स्टिक' म्हणजे चालण्याची काठी. चालणारी काठी निघाली तर आपणच पळू. 'वेटिंग रूम' म्हणजे थांबण्याची खोली. 'स्लीपिंग बेबी' मात्र झोपलेलं बाळ, कारण तिथं झोप बाळाची आहे. इंग्रज माणूस बोलताना हा फरक आवाजातून दाखवतो. ड्रिंकिंग वॉटर म्हणताना तो जोर 'ड्रिं'वर देतो, रनिंग वॉटर म्हणताना 'वॉटर'वर. लिहिलेल्यात तो जोर दिसत नाही, म्हणून डोळ्यांनी इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या पोरांना तो कधी सापडतच नाही.

आणखी एक, गमतीचं. आपल्या गावाकडं 'बोरिंगचं पाणी' म्हणतात. आणि पिक्चरही 'बोरिंग' असतो. लिहायला एकच. पण 'बोरिंग पडलंय' म्हणताना ते नाम आहे आणि 'बोरिंग पिक्चर' म्हणताना विशेषण, यात आपल्या आजीचाही घोटाळा होत नाही. मराठीनं इंग्रजीतून किती 'इंग' उचलले ते मोजा: बुकिंग, मीटिंग, वेल्डिंग, फिटिंग, पार्किंग, कोचिंग. बहुतेक सगळे नाम म्हणून घेतले. त्यांना विभक्ती लागते, 'बुकिंगला', 'मीटिंगमध्ये'. शाळेची पायरी न चढलेला वेल्डरसुद्धा 'वेल्डिंगचे पैसे' म्हणतो तेव्हा जेरंड जेरंडासारखाच वापरत असतो. हे भांडवल घरात असताना आपण व्याख्या पाठ करायला लावतो, याला काय म्हणावं?

आणि हे भांडवल फक्त मराठी घरातच आहे असंही नाही. नळदुर्ग, उमरग्याच्या बाजूला कानडी बोलणारी घरं आहेत. कानडीत 'नोडुवुदु' म्हणजे पाहणं, 'नोडुत्ता' म्हणजे पाहत. दोन वेगळी रूपं. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या शाळेत उर्दू आलं ते आजोबा लोकांना माहीत आहे. उर्दूत 'करना' वेगळं, 'करता हुआ' वेगळं. म्हणजे धाराशिवच्या कुठल्याही गल्लीत, कुठल्याही भाषेत ही दोन रूपं वेगळीच आहेत. एकत्र झालीत ती फक्त आपण परीक्षा देतो त्या इंग्रजीत.

इंग्रजीतही ती आधी वेगळीच होती, हे शिक्षकांनी सांगायला हवं. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'गात असलेला' या अर्थी 'सिंगेंडे' असं रूप होतं, शेवट 'एंडे'. आणि 'शिकणं' यासाठी 'लेऑर्नुंग', शेवट 'उंग' किंवा 'इंग'. साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान 'एंडे' झिजत गेला आणि त्याची जागाही 'इंग'नं घेतली. दोन भावांच्या दोन विहिरी होत्या, एक बुजली, आता दोघं एकाच विहिरीवर. जमीन मात्र अजून वेगवेगळी आहे. हे एकदा कळलं की 'दोन्ही सारखंच दिसतं, मग वेगळं का मानायचं' या प्रश्नाला निदान एक सरळ उत्तर मिळतं.

आता पुस्तकांकडं वळतो. रेन अँड मार्टिन. १९३०च्या दशकात हिंदुस्थानात शिकणाऱ्या मुलांसाठी झालेलं हे पुस्तक अजून घराघरांत आहे. त्याला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. उलट त्यात जेरंडच्या प्रकरणात वॉकिंग-स्टिक, फ्राइंग-पॅन अशा जोडशब्दांचा एक छोटा परिच्छेद आहे, आणि तिथं सांगितलंय की याचा अर्थ चालण्यासाठीची काठी असा करून बघा. म्हणजे अर्थ उलगडून निवाडा करायला शिकवलंय. त्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा परिच्छेद तो! आपल्या बाजारातल्या गाइडांनी बहुधा व्याख्या उचलली, आणि हा परिच्छेद सोडला. कारण व्याख्या एका ओळीत बसते.

दुसरं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्य द्यायचं, इंग्रजी करायला लावायचं, पुन्हा उलट. कित्येक पिढ्या त्यावर इंग्रजी शिकल्या. पुढं इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं असा विचार आला, आणि भाषांतर मागासलेलं ठरलं. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, चांगलंच झालं. पण त्याबरोबर इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणं म्हणजे कमीपणा, ही समजूतही वर्गात घट्ट झाली. माझं म्हणणं एवढंच, की संभाषण शिकवताना मराठी बाजूला ठेवा, हरकत नाही; पण व्याकरणाची पारख करताना ती बाजूला ठेवणं म्हणजे तराजू घरी ठेवून बाजारात माल मोजायला बसणं.

आता मराठीची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल. मराठी जिथं मदत करते तिथंच एका ठिकाणी ती आपल्याला खड्ड्यातही घालते. ते ठिकाण म्हणजे 'ताना'.

'रस्ता ओलांडताना ट्रकनं त्याला उडवलं.' अगदी शुद्ध मराठी. रस्ता कोण ओलांडत होतं? तो. ट्रक नव्हे. मराठीतल्या 'ताना'ला कर्ता वाक्याच्या कर्त्याहून वेगळा चालतो, ऐकणारा संदर्भानं समजून घेतो. आता हे जसंच्या तसं इंग्रजीत आणा: 'क्रॉसिंग द रोड, ए ट्रक हिट हिम.' इंग्रजीत तोंडाशी आलेल्या पार्टिसिपलचा कर्ता पुढच्या वाक्याचा कर्ता धरला जातो. म्हणजे ट्रक रस्ता ओलांडत होता! समजा, सोलापूर-धुळे महामार्गावर येडशीजवळ असा अपघात झाला आणि नुकसानभरपाईच्या कागदावर कुणी हे वाक्य लिहिलं. कोण रस्त्यात आडवं आलं, हाच तर तिथला मुद्दा असतो. वकील चांगला असेल तर या एका 'इंग'वर अर्धा तास बोलेल. 'शेतात जाताना साप चावला' याचंही तसंच; इंग्रजीत साप शेतात निघतो. त्यामुळे मी विद्यार्थ्यांना सांगतो, मराठीत 'ताना' आला की थांबा, कर्ता कोण ते विचारा, आणि दोन कर्ते असतील तर इंग्रजीत सरळ 'व्हाइल ही वॉज क्रॉसिंग' लिहा. तीन शब्द जास्त लागतील, माणूस मात्र जागेवर राहील.

मराठीतला 'ऊन' तेवढा फसवा नाही. 'जेवून तो गेला', दोन्हीचा कर्ता एकच. पण तिथं इंग्रजीला 'हॅविंग ईटन' लागतं, नुसतं 'ईटिंग' नाही, कारण जेवण आधी संपलंय. हे पटकन सांगून पुढं जातो.

आता तो 'बहुतेक'. 'कीप वॉकिंग' घ्या. मराठी: 'चालत राहा'. 'त' आला, म्हणजे माझ्या कसोटीनं पार्टिसिपल. पण कित्येक गाइडांत 'कीप' हे जेरंड घेणाऱ्या क्रियापदांच्या यादीत बसवलेलं असतं. आता 'ही इज बिझी रीडिंग'. मराठी: 'तो वाचण्यात गुंग आहे'. 'वाचण्यात', म्हणजे नाम. पण इंग्रजीत तिथं 'इन' दिसत नाही, म्हणून कुणी त्याला पार्टिसिपल म्हणतं. आणि 'आय रिमेंबर हिम कमिंग होम'. याचं मराठी काय? 'तो घरी आल्याचं मला आठवतं'? की 'घरी येताना तो मला आठवतो', म्हणजे फाटकातून येणारी त्याची मूर्ती डोळ्यांपुढं आहे? दोन्ही होऊ शकतं. पहिला अर्थ घेतला तर जेरंडकडं झुकतं, दुसरा घेतला तर पार्टिसिपलकडं. वाक्य एकटं उभं असताना निवाडा होत नाही.

आणि हा गोंधळ फक्त तुमचा-माझा नाही. ज्या रचनेत जेरंडच्या आधी 'हिज'ऐवजी 'हिम' येतो, तिला इंग्लंडमधल्या फाउलर बंधूंनी १९०६च्या पुस्तकात 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असं नाव देऊन झोडपलं. दोन वेगळ्या गोष्टी वितळून एक झाल्या, असा त्या नावाचा रोख. पुढं १९२६ साली डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन यांनी त्याला उत्तर दिलं: चांगले चांगले इंग्रज लेखक पिढ्यान्‌पिढ्या असं लिहीत आलेत, तुम्ही कुणाला चूक म्हणताय? १९८५ साली रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं व्याकरण काढलं, त्यात एका 'पेंटिंग' या शब्दाची वाक्यं पायऱ्या पायऱ्यांनी मांडून दाखवली. एका टोकाला भिंतीवर टांगलेलं पेंटिंग, पक्कं नाम. दुसऱ्या टोकाला 'इज पेंटिंग', पक्कं क्रियापद. मध्ये उतार. २००२ साली हडलस्टन आणि पुलम यांच्या केंब्रिज व्याकरणानं तर सांगितलं की रूप एकच आहे, नावही एकच ठेवा: 'जेरंड-पार्टिसिपल'. म्हणजे ज्या प्रश्नावर आपल्याकडे चार पर्याय देऊन एक गुण ठेवतात, त्या प्रश्नावर थोरांचं एकमत नाही.

म्हणून काय ही भानगडच सोडून द्यायची? नाही, मला तसं वाटत नाही. केंब्रिजवाल्यांचं म्हणणं इंग्रजांच्या पोरांसाठी ठीक आहे, त्यांना कुठला शब्द कुठं ठेवायचा ते आईच्या दुधाबरोबर मिळालंय. आपल्या पोराला मात्र 'ऑफ'च्या पुढं 'टू रीड' लिहू नये हे शिकावं लागतं, आणि तिथं जेरंडची ओळख उपयोगी पडते. उतार आहे म्हणून वरचं आणि खालचं टोक एक होत नाही. बालाघाटाचा उतार नेमका कुठं सुरू होतो हे कुणी रेघ मारून दाखवू शकत नाही, तरी येरमाळ्याच्या घाटात गाडी चढतेय की उतरतेय ते ड्रायव्हरला कळतंच.

आणि असा उतार मराठीतही आहे. 'दळणं' आणि 'दळण' बघा. 'भराभर ज्वारी दळणं सोपं नाही.' इथं 'दळणं'ला कर्म आहे, 'ज्वारी'. क्रियाविशेषण आहे, 'भराभर'. नाम आहे, पण अंगात अजून क्रियापदाचं रक्त आहे. 'दळण गिरणीत टाकून ये.' इथं ते डब्यातलं धान्य झालं, काखेत धरून न्यायची वस्तू. इंग्रजीत पहिलं 'ग्राइंडिंग जवार क्विकली', दुसऱ्या बाजूला झुकलं की 'द क्विक ग्राइंडिंग ऑफ जवार'. पुढं 'द' लावला तर मागं 'ऑफ' आणावा लागतो. आपली मुलं 'द रीडिंग बुक्स इज गुड' लिहितात ती इथं घसरतात. एक पाय दळण्यात, एक पाय दळणात.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो खास आपल्या बोलीचा आहे. प्रमाण मराठीत चालू काळ कसा करतात? 'तो करत आहे', 'करतोय'. 'करत', म्हणजे पार्टिसिपल. पण आपण धाराशिवला, लातूरला, बीडला घरात काय बोलतो? 'काय करायलास रे?' 'जेवायलोय.' 'आई स्वयंपाक करायलीय.' यात 'कराय' कुठून आलं? 'करायला आवडतं', 'करायचं राहिलं' यातलंच ते 'कराय'. जुन्या कागदांतलं 'करावयास'. त्याला 'ला' लागतो, 'चं' लागतं, जसे नामाला लागतात. म्हणजे हे नामाच्या घरातलं रूप. आणि आपल्या बोलीनं त्याच्यावर चालू काळ उभा केला! पुण्याकडचा माणूस हे ऐकून हसतो. हसू द्या. त्याला सांगा की इंग्रजीनंही हेच केलंय. 'ही इज हंटिंग' हा चालू काळ दोन वाटांनी आलाय. एक वाट जुन्या 'एंडे'ची, पार्टिसिपलची. दुसरी 'ही इज ऑन हंटिंग', तो शिकारीवर आहे, अशी. मग 'ऑन' झिजून 'अ-हंटिंग', आणि मग नुसतं 'हंटिंग'. 'गो फिशिंग'मध्ये ती वाट अजून दिसते, आणि त्याचं मराठी आपण करतो 'मासे धरायला जा'. पुन्हा 'धराय'. नाम आपल्या जागेवरून उठून क्रियापदाच्या कामाला लागतं, हे ज्याच्या घरच्या बोलण्यात रोज घडतं, त्या पोराला 'इंग' परकं वाटायचं कारण नव्हतं. आपण त्याला त्याची बोली अशुद्ध म्हणून गप्प केलं, आणि मग इंग्रजीची व्याख्या पाठ करायला दिली.

वेळ होत आलीय. एक-दोन प्रश्न घेऊ. हां, मागच्या ताई विचारा.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, पत्राच्या शेवटी 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' लिहितात. यात दोन 'इंग' आहेत. आणि 'टू'च्या पुढं तर 'मीट' यायला पाहिजे ना?)

फार चांगलं वाक्य काढलंत. मराठी करा: 'तुम्हाला भेटण्याची वाट पाहतोय.' पहिला 'इंग', 'लुकिंग', म्हणजे 'पाहतोय'; तो पार्टिसिपल, चालू काळातला. दुसरा 'भेटण्याची', 'ण्याची' आलं, तो जेरंड. आता 'टू'चं. इंग्रजीत 'टू' दोन आहेत. एक क्रियापदाच्या आधी येतो, 'आय वाँट टू गो'. दुसरा शब्दयोगी, 'आय वेंट टू तुळजापूर', त्याच्या पुढं नाम लागतं. कोणता आहे ते ओळखायला 'टू'च्या पुढं एखादं साधं नाम ठेवून बघा. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी', चालतंय. म्हणजे हा तुळजापूरवाला 'टू'. मग तिथं 'मीट' नाही, 'मीटिंग' लागणार. 'आय वाँट टू दिवाळी' म्हणून बघा, नाही चालत. तिथं 'टू मीट'च. 'यूज्ड टू' मात्र दोन्हीकडं जातो. 'आय ॲम यूज्ड टू वॉकिंग', मला चालण्याची सवय आहे. 'आय यूज्ड टू वॉक', मी पूर्वी चालायचो. एका 'ॲम'चा फरक आहे. तो पुढच्या वेळी घेऊ.